तंगुसावरून ओघळणारं एरंडेल आणि त्यातले कण: पातळ फिल्म कशी तुटते ते घरच्या घरी कसं बघायचं

फिजिक्सचा, केमिकलचा किंवा मेकॅनिकलचा प्रोजेक्ट करायचाय, लॅबमध्ये पंप नाही, हाय-स्पीड कॅमेरा नाही, आणि सरांनी विषय दिलाय 'पार्टिकल असलेल्या थिन फिल्मची इन्स्टॅबिलिटी' (म्हणजे कण मिसळलेला द्रवाचा पातळ थर आपोआप कसा तुटतो), अशा लोकांसाठी हे लिहितोय. पंप लागत नाही. मासेमारीच्या सामानाच्या दुकानातली तंगूस (गळाची नायलॉनची दोरी), एरंडेल, दोन सिरिंजा, सलाईनची नळी आणि रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्या रात्री चमकाव्यात म्हणून त्यात टाकतात ती बारीक काचेची गोळी, एवढ्यात काम भागतं आणि आकडे असे येतात की थिअरीशी ताडून बघता येतात.

होतं काय, तर सरळ उभ्या टांगलेल्या तंगुसावर वरून एरंडेल सोडलं की पहिले काही सेंटीमीटर ते गुळगुळीत थरासारखं उतरतं, मग त्यावर आपोआप फुगवटे यायला लागतात, फुगवट्यांचे थेंब होतात आणि थेंबांची रांग खाली निघते. कुणी दोरी हलवलेली नसते, फुंकर मारलेली नसते. आता त्याच तेलात काचेचे कण मिसळले तर थेंब लवकर येतात का उशिरा, लांब लांब येतात का जवळ, हा आपला प्रश्न. आणि एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो, कारण बहुतेक रिपोर्टमध्ये तीच चुकते: कण किती टक्के टाकले ह्याच्यापेक्षा कण फिल्मच्या जाडीच्या मानाने केवढा आहे हे जास्त महत्त्वाचं. म्हणजे आधी फिल्म मोजायची, मग कण निवडायचे. लोक उलटं करतात, मिळाली ती पूड टाकतात आणि मग दिसेल ते 'कणांचा परिणाम' म्हणून लिहितात.

थिअरी, लागेल तेवढीच

जोसेफ प्लॅटो नावाचा बेल्जियन शास्त्रज्ञ होता, त्याने १८७३ च्या ग्रंथात दाखवलं की द्रवाचा दंडगोल त्याच्या स्वतःच्या घेरापेक्षा लांब असलेल्या लाटेपुढे टिकत नाही, तुटतोच (तोवर त्याची दृष्टी पूर्ण गेली होती, प्रयोग दुसऱ्यांच्या हातांनी आणि डोळ्यांनी चालायचे). मग १८७८ मध्ये लॉर्ड रॅलेने विचारलं की घेरापेक्षा लांब लाटा सगळ्याच वाढतात हे ठीक आहे, पण सगळ्यात वेगाने कुठली वाढते? कारण डोळ्याला दिसणार ती तीच.

दोरीवरच्या फिल्मचंही तेच. जिथे थर जरा पातळ तिथे बाहेरची त्रिज्या कमी, त्रिज्या कमी म्हणून पृष्ठताणामुळे आतला दाब जास्त, दाब जास्त म्हणून तेल तिथून शेजारच्या जाड जागेकडे ढकललं जातं, आणि पातळ जागा आणखी पातळ होते. लांबीच्या दिशेची वक्रता हे थांबवायला बघते पण लाट लांब असली की ती कमी पडते. फिल्म पातळ असेल तर सगळ्यात वेगाने वाढणाऱ्या लाटेची लांबी येते त्रिज्येच्या ८.९ पट (२π गुणिले वर्गमूळ दोन). त्रिज्या म्हणजे दोरीच्या मध्यापासून तेलाच्या बाहेरच्या कडेपर्यंत, नुसत्या दोरीची नाही, इथे गडबड करू नका.

ह्या ८.९ मध्ये व्हिस्कॉसिटी (तेलाचा घट्टपणा) कुठेच नाही, हे डोक्यात ठेवा. व्हिस्कॉसिटी येते ती वेळेत. लाट साधारण २.७ पट व्हायला लागणारा वेळ असा: १२ गुणिले व्हिस्कॉसिटी गुणिले त्रिज्येचा चौथा घात, भागिले पृष्ठताण गुणिले जाडीचा घन. जाडीचा घन आहे हो, म्हणजे त्रिज्या तीच राहिली तर जाडी अर्धी केली की वेळ आठपट. थर पातळ झाला की बाहेरची त्रिज्याही थोडी घटते, म्हणून प्रत्यक्षात वाढ त्याहून कमी भरते. ०.५ मिमीच्या तंगुसावर १०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) एरंडेल असेल तर हा वेळ साडेतीन सेकंदांच्या आसपास येतो, ५० मायक्रॉन असेल तर पंधरा-सोळा सेकंद. घड्याळ लावून मोजण्यासारखी गोष्ट आहे.

दोरी उभी असली की गुरुत्वाकर्षणही मधे पडतं. फिल्म फारच पातळ असेल तर खाली वाहणं जिंकतं, फुगवटे छोटेच राहतात, थेंब मोठे होत नाहीत. हे डेव्हिड केरे या फ्रेंच संशोधकाने १९९० मध्ये दाखवलं. ही सीमा दोरीच्या त्रिज्येच्या घनावर अवलंबून असते, म्हणून बारीक दोरीवर थेंब सहज होतात आणि जाड सळईवर तेल नुसतंच ओघळतं. जाड पीव्हीसी पाईप घेऊन 'थेंब येतच नाहीत' म्हणू नका.

सामान

तंगूस ०.५० मिमीची, बिनरंगी, एकाच तारेची, विणलेली नको. पाकिटावर माप असतं तरी मायक्रोमीटरने तीन-चार जागी मोजा. रिळावरून काढली की ती वेटोळी होते, गरम पाण्यात बुडवून खाली वजन लावून टांगली की सरळ होते. मग भांड्याच्या साबणाने धुवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा आणि नंतर तिला बोटं लावू नका. पतंगाचा नायलॉन मांजा घ्यायचा नाही, त्यावर २०१७ पासून देशभर बंदी आहे आणि ती योग्यच आहे. तसा जुना घरी केलेला मांजा म्हणजे आपलाच विषय बरं का, दोऱ्यावर खळ आणि काचपूड यांची फिल्म, आणि ती चिमटीतून ओढून पातळ केली नाही तर तिच्याही गाठी होणार. पण तो करून बघायची गरज नाही, गळे कापले गेलेत लोकांचे.

एरंडेल का? घट्ट आहे म्हणून सगळं सावकाश होतं आणि मोबाईलवर पकडता येतं, उडून जात नाही, नायलॉनवर छान पसरतं. शिवाय २००१ मध्ये क्लियाखँडलर, डेव्हिस आणि बँकॉफ यांनी उभ्या दोरीवरच्या थेंबांचा जो प्रयोग छापला त्यात एरंडेल आणि ०.२५ मिमी त्रिज्येची नायलॉनची गळाचीच दोरी होती, म्हणजे तुमच्या आकड्यांना आयता शेजार मिळतो. एरंडेल ह्या कामात त्याहून जुनं आहे. सी. व्ही. बॉईज या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८७ मध्ये वितळलेलं क्वार्ट्ज बाणाला चिकटवून बाण सोडला आणि केसाहून बारीक तंतू काढले, आणि पुढे तसल्या तंतूवर एरंडेल लावून तो थेंबांची माळ दाखवायचा. आपल्याकडे तर तुटवडाच नाही, जगातलं बहुतेक एरंडेल भारतात होतं, त्यातलंही बहुतेक गुजरातेत. मेडिकलमधल्या छोट्या बाटल्या महाग पडतात, आयुर्वेदिक सामानाच्या दुकानात लिटरने मागा, आणि सुगंध-बिगंध घातलेलं केसांचं तेल नको, त्यात बाकी तेलं मिसळलेली असतात आणि मग कुठलाच आकडा लागू पडत नाही.

तापमान मात्र लिहून ठेवा, प्रत्येक रनला. एरंडेलाची व्हिस्कॉसिटी २० अंशांना साधारण १ पास्कल-सेकंद, २५ ला ०.७ च्या आसपास, ३० ला ०.४५ आणि ४० ला ०.२३. पुण्यातल्या डिसेंबरच्या सकाळी घेतलेला रन आणि नागपुरात मे महिन्यातल्या दुपारी घेतलेला रन ह्यात चार-पाच पटींचा फरक पडेल, कणांनी काही केलं नाही तरी. पुस्तकातल्या आकड्यावर विसंबण्यापेक्षा मोजूनच घ्या: मोठ्या मेजरिंग सिलिंडरमध्ये तेल भरा, ३.२ मिमीचा स्टीलचा छर्रा मधोमध सोडा, २५ अंशांना तो सेकंदाला पाच सेंटीमीटरच्या आसपास पडेल, मोबाईलच्या स्लो-मोशनमध्ये वेळ काढून स्टोक्सचं (घट्ट द्रवात पडणाऱ्या गोळीच्या वेगाचं) सूत्र लावा. सिलिंडर ५० मिमीचा असेल तर भिंतीमुळे वेग तेरा-चौदा टक्के कमी भरतो, ती दुरुस्ती करा. पृष्ठताण ०.०३५ न्यूटन प्रति मीटर धरला तरी चालेल, घनता ०.९६.

कणांसाठी ती रोड मार्किंगची काचेची गोळी. थर्मोप्लास्टिक पेंटचं काम करणाऱ्यांकडे मिळते, घनता २.५, आकार मात्र सगळा मिसळलेला. म्हणून सिव्हिलच्या लॅबमधून ३००, १५० आणि ७५ मायक्रॉनच्या चाळण्या मागून आणा आणि दोन ढीग करा, एक ७५ ते १५० चा, दुसरा १५० ते ३०० चा. चाळताना मास्क लावा. मग साबणाच्या पाण्याने धुवून, भरपूर खळबळून, कडक वाळवा. धुणं टाळू नका, कारण कणावर कसलं तरी कोटिंग असेल तर तो तेलात बुडायच्या ऐवजी पृष्ठभागावर जाऊन बसतो, पृष्ठभागाची कातडी होते आणि थेंब भलतेच वागायला लागतात, तो वेगळाच प्रयोग आहे. रांगोळी चालेल का असं विचारणारे असतात. नुसतं बघायला चालेल, रंगही छान दिसतो, पण तिचे कण वेडेवाकडे असतात, गोल कणांची सूत्रं लागत नाहीत, रिपोर्टसाठी नको.

मांडणी

१० मिलीची सिरिंज घ्या, दांडा काढून टाका, सुई बसते ते तोंड कटरने अर्धं कापून आखूड करा. स्टँडला ती उभी, तोंड खाली अशी पकडा. तंगूस वर हुकाला बांधा, सिरिंजच्या आतून नेऊन तोंडातून खाली काढा, शेवटाला एक जड नट बांधा. साधारण एक मीटर लांबी सिरिंजच्या खाली लोंबली पाहिजे. तंगूस तोंडाच्या बरोबर मधोमध आहे का हे समोरून आणि बाजूनं, दोन्हीकडून बघा. ती एका बाजूला टेकली असेल तर तेल एकाच अंगाने उतरतं आणि थेंब लुळे, एका कुशीवर कललेले येतात. ह्या एका गोष्टीवर हवा तेवढा वेळ घालवा. पंखा बंद. एसीचा झोतही चालत नाही.

सिरिंजमध्ये तेलाची पातळी कायम राहिली पाहिजे, त्यासाठी वर बाटली टांगून सलाईनच्या नळीने तेल सोडत राहायचं. सलाईन सेटमधला तो थेंब पडायचा चेंबर कापून टाका, त्याच्या तळाशी बारीक जाळी असते, कण तिथेच अडकतील, आणि नळीही वीस-तीस सेंटीमीटरच ठेवा, लांब नळीतून एरंडेल अगदी रडतखडत येतं. नुसत्या तेलाला तो चाकाचा क्लॅम्प चालतो. कणवाल्या तेलाला चालत नाही, क्लॅम्पच्या चिमटीत कण अडकतात आणि पुढे गाळलेलं तेल जातं, तिथे बाटली वर-खाली करूनच प्रवाह सांभाळायचा. नळी कुठेही आडवी किंवा झोळ पडलेली नको, झोळात काच बसते.

सिरिंजवरच्या मिलीच्या खुणा म्हणजे तुमची प्रवाहाची नॉब. पातळी वरच्या खुणेवर ठेवली की प्रवाह जास्त, खालच्या खुणेवर ठेवली की कमी. खाली नटाखाली वाटी आणि वाटीखाली सोनार वापरतात तसला ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा, दर मिनिटाला वजन लिहा, प्रवाह थेट मिळतो. मिनिटाला अर्धा ते दीड ग्रॅम ह्या पट्ट्यात बघण्यासारखं सगळं येतं.

मागे दुधी ॲक्रिलिकचा तुकडा आणि त्याच्या मागे एलईडी, म्हणजे थेंबांच्या कडा काळ्या स्पष्ट दिसतात. तंगुसाला अगदी चिकटून स्टीलची पट्टी धरा, ती फ्रेममध्ये पाहिजेच. मोबाईल सेकंदाला २४० फ्रेमवर.

आधी कणांशिवाय

हा भाग लोक उरकून टाकतात आणि मग फसतात. नुसत्या तेलावर पातळी बदलत बदलत तीन तऱ्हा दिसतात का बघा. प्रवाह जास्त असताना थेंब अनियमित येतात, मागचा जोरात येऊन पुढच्याला गाठतो आणि गिळतो. मधल्या पट्ट्यात अगदी शिस्तीत, सारख्या अंतरावर, सारख्या वेगाने, कुणी कुणाला शिवत नाही. प्रवाह आणखी कमी केला की मोठे थेंब लांब लांब, त्यांच्या मधे छोटे छोटे फुगवटे, आणि मोठा थेंब खाली येताना वाटेतले छोटे खात येतो. सीमा नेमक्या कुठे पडतात ते तोंडाच्या मापावरही ठरतं, म्हणून सगळे रन एकाच सिरिंजवर घ्या, मधे सिरिंज बदलली तर नुसत्या तेलाचे रन परत.

अंदाज म्हणून आकडा देतो: २५ अंशांना मिनिटाला एक ग्रॅम सोडलं आणि फिल्म एकसारखी राहिली असती तर बाहेरची त्रिज्या साधारण १ मिमी भरते, म्हणजे तेलाचा थर पाऊण मिमीच्या जवळ, दोरीपेक्षा जाडच. ८.९ ने गुणलं तर अंतर नऊ मिमीच्या आसपास. फिल्म इथे फारशी पातळ नाही आणि तेल वाहतंही आहे, म्हणून तंतोतंत जुळणार नाही, पण तीन मिमी किंवा तीन सेंटीमीटर आलं तर समजा की मांडणीत काहीतरी बिघडलंय. बहुतेकदा दोरीवर खरचटलेलं असतं किंवा ती मधोमध नसते.

कण मिसळणं

टक्के म्हणजे घनफळाचे टक्के, वजनाचे नाहीत. १०० मिली मिश्रणात १० टक्के हवे असतील तर १० मिली काच म्हणजे २५ ग्रॅम, आणि ९० मिली तेल म्हणजे ८६ ग्रॅम. वजनाने बघाल तर हेच साडेबावीस टक्के होतात, आणि दोन ग्रुपनी दोन पद्धतीने मोजलं की व्हायव्हात भांडण ठरलेलं.

हवा ही खरी डोकेदुखी. जोरात ढवळलं की तेलात बारीक बुडबुडे जातात, आणि १०० मायक्रॉनचा बुडबुडा एरंडेलात मिनिटाला जेमतेम अर्धा मिमी वर चढतो. तेवढ्याच आकाराचा काचेचा कण मिनिटाला ०.७ मिमी खाली बसतो. म्हणजे बुडबुडे जायची वाट बघत बसलात तर त्याच वेळात काचही तळाला जाते, हाती काही लागत नाही. म्हणून तेल आधीच रात्रभर झाकून ठेवा, ते स्वच्छ झालं की कण कडेने सोडत सपाट काडीने हळूहळू घडी घातल्यासारखं कालवा. मिक्सर नाही, बाटली हलवणं नाही. कालवलं की लगेच वापरा. २०० मायक्रॉनचे कण तर चौपट वेगाने बसतात, मोठ्या कणांचा रन दहा मिनिटांच्या आत संपवा, बाटलीत अधूनमधून काडी फिरवा.

कण सिरिंजच्या तोंडातून निघाले पाहिजेत हेही बघा. तंगूस आणि तोंडाची भिंत यांच्यातली फट कणाच्या निदान चार पट हवी, नाहीतर कण कमान करून अडकतात. १० मिलीच्या सिरिंजला बारीक ढीग चालतो. १५० ते ३०० वाल्याला मोठ्या तोंडाची ५० मिलीची सिरिंज लावा आणि तिच्यावर नुसत्या तेलाचे रन वेगळे घ्या.

काय दिसायला पाहिजे आणि काय दिसलं तर कान टवकारायचे

आता खरी गंमत. कण टाकले की व्हिस्कॉसिटी वाढते. आइनस्टाइनचं सूत्र (१९०६ चं, १९११ मध्ये त्याने दुरुस्त केलेलं), वाढ म्हणजे अडीच गुणिले घनफळाचा अंश, ते दोन-चार टक्क्यांपर्यंत ठीक. पुढे क्रीगर-डॉहर्टी हे दाट मिश्रणांसाठीचं सूत्र वापरा, कमाल भरण (कण जास्तीत जास्त किती दाटीने मावतात) ६० टक्के धरून १० टक्क्यांना १.३१ पट येते, २० ला १.८४, ३० ला २.८३. पण काच जड आहे, म्हणून मिश्रणाची घनताही वाढते, १० टक्क्यांना १.१६ पट, २० ला १.३२, ३० ला १.४८. वाहणं ठरतं घनता भागिले व्हिस्कॉसिटी ह्या गुणोत्तराने.

पंप वापरणाऱ्यांची इथेच गोची होते. पंपाने प्रवाह तोच ठेवला आणि मिश्रण घट्ट झालं की फिल्म जाड होते, फिल्म जाड झाली की त्रिज्या वाढते, त्रिज्या वाढली की थेंबांमधलं अंतर वाढतं, आणि माणूस लिहितो की कणांमुळे वेव्हलेंग्थ वाढली. कणांमुळे नाही, जाडीमुळे. आपल्या सिरिंजमध्ये पातळी तीच ठेवली तर प्रवाह आपोआप त्याच गुणोत्तराने कमी होतो, कारण तोंडातून तेल बाहेर पडणं आणि दोरीवरून उतरणं ह्या दोन्हींवर तोच घनता भागिले व्हिस्कॉसिटीचा नियम चालतो. म्हणजे फिल्मची जाडी जवळपास तीच राहते. गरिबाची मांडणी इथे पंपापेक्षा सरस आहे, हे मी गमतीत म्हणत नाहीये.

म्हणून अपेक्षा अशी: पातळी तीच, बारीक कण, तर थेंबांमधलं अंतर जवळपास तेच, आणि वेग १० टक्क्यांना जेमतेम १२ टक्के कमी, २० ला २८ टक्के कमी, ३० ला जवळजवळ निम्मा. हे जुळलं तर तुमचे कण नुसतं तेल घट्ट करतायत, बाकी काही नाही, आणि हाही निकालच आहे, निराश होऊ नका. वाटीतलं वजन आणि थेंबांचा वेग दोन्ही एकाच गुणोत्तराने घटले पाहिजेत, तो तुमचा चेक. घनता वाढल्यामुळे पृष्ठताण आणि वजन यांचा तोल थोडा सरकतो, त्यामुळे ३० टक्क्यांना अंतर थोडं हललं तर लगेच शोध लागला असं समजू नका.

जुळत नसेल तर मात्र बघण्यासारखं आहे. मोठे कण टाकल्यावर दोन थेंबांच्या मधल्या पातळ पट्ट्याकडे झूम करा. कण त्या पट्ट्यापेक्षा मोठा असेल तर तो फिल्ममधून डोकं बाहेर काढतो, त्याच्याभोवती तेलाची कॉलर तयार होते, आणि पुढचा फुगवटा बऱ्याचदा तिथूनच सुरू होतो. मग अंतर ८.९ च्या हिशोबाने न येता कण कुठे पडलेत त्या हिशोबाने येतं, रांगेची शिस्त मोडते. सरासरी अंतर छापू नका अशा वेळी, हिस्टोग्राम छापा, बारीक कणांचा उभा सुळका आणि मोठ्या कणांचा पसरट ढीग शेजारी शेजारी ठेवला की सरांना काही समजवावं लागत नाही.

फिल्म पातळ करून बघायची असेल तर

वाहत्या मांडणीत फिल्म जाड असते, कण आणि जाडी यांची खरी टक्कर बघायला दोरी बुडवून वर ओढायची. १० आरपीएमची गियर मोटर, तिच्या ६ मिमीच्या शाफ्टवरच तंगूस गुंडाळली की सेकंदाला ३ मिमीच्या आसपास वेग मिळतो. लांडाऊ-लेविचचा १९४२ चा नियम दोरीला लावला तर (जाडी म्हणजे १.३४ गुणिले दोरीची त्रिज्या गुणिले कॅपिलरी नंबरचा दोन-तृतीयांश घात; कॅपिलरी नंबर म्हणजे व्हिस्कॉसिटी गुणिले वेग भागिले पृष्ठताण) फिल्म ५० ते ६५ मायक्रॉनची येते. सेकंदाला १ मिमीने ओढलं तर पंचवीसेक मायक्रॉन. जाडी मोजायला तेलाचं भांडं काट्यावर ठेवूनच ओढा, भांड्याचं वजन घटलं तेवढं तेल दोरीवर गेलं, ६० मायक्रॉनला एका मीटरमागे साधारण ०.१ ग्रॅम. एका मीटरवर काट्याची चूक मोठी वाटत असेल तर तीन-चार मीटर ओढून भागा.

आता कण. भांड्यातून तेल वर चढतं तिथल्या वळणदार मेनिस्कसमध्ये एक जागा असते, तिच्या वरचं तेल दोरीबरोबर जातं आणि पृष्ठभागाजवळचं बाकीचं भांड्यात परत फिरतं. त्या जागी थराची जाडी शेवटच्या फिल्मच्या तिप्पट असते. कण त्यापेक्षा बराच मोठा असेल तर तो बहुतेक वेळा परत भांड्यात जातो, मेनिस्कस चक्क चाळणीचं काम करतो. ३ मिमीच्या वेगाला ही तिप्पट म्हणजे १८० मायक्रॉनच्या आसपास, म्हणून ७५ ते १५० चे कण चढतात आणि मोठ्या ढिगातले बरेचसे खालीच राहतात. १ मिमीच्या वेगाला तिप्पट ८० च्या आत येते, मग बारीक ढीगही अडतो आणि दोरीवर जवळजवळ नुसतं तेल. दोन वेग, दोन ढीग, चार फोटो, हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात देखणा भाग आहे प्रोजेक्टचा. आणि लक्षात घ्या, भांड्यात १० टक्के कण होते म्हणून दोरीवरच्या फिल्ममध्येही १० टक्के आहेत असं इथे अजिबात धरता येत नाही. दोरीचा तुकडा कापून अल्कोहोलमध्ये धुवा, काच वाळवून वजन करा.

ओढून झाल्यावर मोटर बंद करून तसंच शूट करत राहा, ६० मायक्रॉनच्या नुसत्या तेलाला लाट वाढायचा वेळ दहाएक सेकंद येतो. कण अडकलेल्या जागी थेंब आधी होतात, मधल्या स्वच्छ पट्ट्यात नंतर.

व्हिडिओवरून मोजायला इमेजजे नावाचं सॉफ्टवेअर, फुकट आहे. दोरीवर एक उभी रेघ घ्या, सगळ्या फ्रेममधली ती रेघ शेजारी शेजारी रचा, 'रीस्लाइस' नावाचं ऑप्शन हेच करतं. तिरक्या पट्ट्या दिसतील, पट्टीचा उतार म्हणजे थेंबाचा वेग, पट्ट्यांमधलं उभं अंतर म्हणजे थेंबांमधलं अंतर, दोन पट्ट्या मिळाल्या म्हणजे एका थेंबाने दुसऱ्याला खाल्लं. एका चित्रात सगळा रन.

ज्यांना दोरीऐवजी मोठा सिलिंडर हवाय त्यांनी पारदर्शक ॲक्रिलिकची नळी अर्धवट भरून आडवी, सावकाश फिरवावी. आतल्या भिंतीवर फिल्म चढते, आणि तेलाइतक्याच घनतेचे कण असतील तर काही वेळाने ते नळीच्या लांबीत पट्ट्यापट्ट्यांनी गोळा होतात, एक पट्टा गच्च कणांचा, शेजारचा जवळजवळ मोकळा. हे १९९९-२००० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात महेश तिरुमकुडुलू, आंद्रेयास आक्रिव्होस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छापलं. तिरुमकुडुलू पुढे पवईला, आयआयटी मुंबईच्या केमिकल इंजिनियरिंगमध्ये प्राध्यापक झाले. त्यासाठी काच चालत नाही, जड पडते. पॉलिस्टायरीनचे कण घ्या, घनता १.०५, आणि द्रव त्या घनतेला जुळवून घ्या, एरंडेल हलकं पडेल.

आवरताना एक काम: काच मिसळलेलं तेल बेसिनमध्ये ओतू नका, पाईपच्या वळणात काच बसते आणि वर तेलाचा चिकटा, मग प्लंबर. ७५ च्या चाळणीतून गाळा, अर्थात सिव्हिलवाल्यांना विचारून, आणि चाळणी साबणाच्या गरम पाण्याने धुवूनच परत करा. तेल नीट गाळलं असेल तर पुढच्या रनला चालतं, फक्त व्हिस्कॉसिटी परत मोजा.